निव्वळ वजन

आडनाव झोपे, आणि ड्यूटी रात्रीची.
सावद्याच्या बाहेर, रावेर रस्त्याला,
चाळीस टनी धर्मकाट्यावर बसतो मी.
केळीचे ट्रक येतात, चढतात,
आकडा ठरेपर्यंत मीही श्वास धरतो,
मग पावती फाडतो:
भरलेलं, रिकामं, निव्वळ.

एक जानेवारीला एका रद्द पावतीच्या पाठीवर लिहिलं:
वर्षाला शंभर नाटकं.
जुनी. ज्यांची नावं गाइडातल्या रिकाम्या जागा
भरताना भेटली, आणि तिथंच राहिली.
संस्कृत, ग्रीक, इंग्रजी, बंगाली, आपली संगीतवाली.
पदं गाळायची नाहीत,
ही अटही मीच घातली, मलाच.

फैजपूरच्या वाचनालयात नेहेतेबाईंनी
चष्म्यावरून पाहिलं.
"नाटकांच्या कपाटाची किल्ली सापडत नाहीये,
दोन हजार अकरापासून."
मग आम्ही दोघांनी मिळून बिजागरीच काढली.
आत एका राजाचा तिसरा अंक
वाळवीनं आधीच वाचून संपवला होता.

हिशोब सोपा होता. आठवड्याला दोन,
दिवाळीत थोडी ढिलाई.
मार्चअखेर चौदा झाली.
एप्रिलात पारा पंचेचाळीसवर,
कूलरचं गवत वाळून गेलेलं, पंखा नुसता गुरगुरतो,
पानं बोटांना चिकटतात
आणि नाटकातली माणसं बर्फाबद्दल बोलतात.

नाटक मनातल्या मनात वाचता येत नाही
हे उशिरा कळलं.
ओठ हलायला लागतात.
राणीला माझाच आवाज, प्रधानालाही,
विदूषकाला जरा खोकला घालतो.
एकदा सूत्रधार बोलत असताना
काट्यावरचं कुत्रं उठून बाहेर गेलं.

तर अशा एका रात्री सुभान तडवी,
पालचा, दिल्लीच्या फेऱ्या मारणारा,
ट्रक काट्यावर चढवून खिडकीत कोपर टेकून उभा.
"कोनाशी भांडू राह्यला रे भो?"
पुस्तक दाखवलं.
"दे मग मले बी एक जन."
दूत दिला. दूताला एकच वाक्य असतं.
बोट ठेवून, अडखळत, वाचलं त्यानं:
"महाराज, किल्ल्याचं दार आतून उघडलं गेलं."
मागं बारा टन केळी, डिझेलचा वास,
आकडा अजून ठरत नव्हता,
आणि काट्यावर बसून माझ्या अंगावर काटा.

पुढं सहा पानं राजाच बोलतो.
सुभान पानं उलटत राहिला.
"मंग तो कुठी गेला?"
कोण?
"निरोप आननारा. घोडा मेला असंन त्याचा पळू पळू.
त्याले पानी इचारलं का कोनी?"

शोधलं मी. नव्हतं विचारलं.
मागची चौदाही पुन्हा काढली,
दोन रात्री त्यातच गेल्या.
बावीस दूत, चार दासी, एक नावाडी.
पाणी एकालाच मिळालेलं,
तेही मरताना.

आता जून लागलाय. पावतीवर अजून चौदाच.
पंधरावं आम्ही दोघं वाचतो,
फेरीला एक अंक,
दूत, पहारेकरी, दासी सगळे त्याचे.
दासीचा आवाज काढताना लाजतो, पण काढतो.
पाचवा अंक तेवढा राहिलाय
आणि सुभान तिकडं मंडीत भाव पडला म्हणून अडकून.
फोन आला होता परवा:
"मी आल्याबिगर पुढं वाचजो नको."

नाही वाचत.
शहाऐंशी बाकी आहेत, मला आकडे कळतात,
तोच धंदा आहे माझा.
नेहेतेबाई दंड लावत नाहीत, फक्त विचारतात, कुठवर आलं.
खिडकीबाहेर माठ ठेवलाय, ओलं गोणपाट गुंडाळून.
हल्ली आधी ग्लास देतो, मग पावती.
ड्रायव्हर चमकून बघतात.

वळणावर हेडलाइट दिसतोय.
पुस्तक उपडं घालतो.
तो नाही.
एम.पी. पासिंग आहे.